सर्व्हिस क्लबच्या दर आठवड्याच्या सभेत नक्की होतं काय?

तुमचा प्रश्न असा आहे: एका परिचितांनी सर्व्हिस क्लबात, म्हणजे रोटरी, लायन्स यांसारख्या समाजसेवा करणाऱ्या क्लबात बोलावलं, तुम्ही पाहुणे म्हणून एका सभेला बसलात, आणि घंटा, पाहुण्यांची ओळख, सूचना, वक्त्याचं भाषण, आभार, जेवण यातच वेळ संपला. सेवा काही दिसली नाही. मग हा वेळ थेट कामाला का देत नाहीत, आणि नोकरी सांभाळून या भानगडीत पडावं का?

मी अशा क्लबात बरीच वर्षं आहे. सेक्रेटरीपदही भूषवलंय, म्हणजे खरं तर सभांची इतिवृत्तं लिहून हात मोडून घेतलेत. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

माझं मत आधीच सांगते. सभा बंद केली की क्लबचं काम वाढत नाही, आटतं. "आता फक्त प्रोजेक्टलाच भेटू" असं सगळे उत्साहाने म्हणतात आणि काही महिन्यांत प्रोजेक्टला तेच ते चार चेहरे उरतात. पण म्हणून भरणारी प्रत्येक सभा उपयोगाची असते असंही मुळीच नाही. निव्वळ भाषणं ऐकून पांगणारे क्लब भरपूर आहेत. तुम्ही गेलात तो त्यातला आहे का, हे भाषणावरून कळणार नाही. शेवटच्या दहा मिनिटांत काय झालं ते आठवा.

आमच्याकडे त्या वेळी एक कागद फिरतो. त्यावर येत्या कामाच्या जबाबदाऱ्या एकाखाली एक लिहिलेल्या असतात: हॉलची चावी, टेबलं-खुर्च्या, नोंदणी, सामान आणायला गाडी, शेवटी झाडून घेणं. समोर नाव लिहायची रिकामी जागा. कागद फिरून अध्यक्षांकडे येतो तेव्हा नोंदणीपुढे पाच नावं असतात आणि "झाडून घेणं" कोरं असतं. हे ठरलेलंच. चांगला अध्यक्ष इथे भाषण देत नाही. तो मोठ्याने वाचतो, "झाडून घेणं, कोणी नाही," आणि गप्प बसतो. थोड्या वेळाने कोणाला तरी ती शांतता सोसत नाही आणि नाव पडतं. पुढच्या आठवड्यात तोच कागद परत वाचला जातो, या वेळी "झालं का?" म्हणून. व्हॉट्सॲप ग्रुपवर हे होत नाही. तिथे अंगठा दाखवून मोकळं होता येतं. इथे मात्र ज्यांना शब्द दिला त्यांच्या शेजारी गुरुवारी जेवायला बसायचं असतं. ना पगार, ना साहेब, ना नोकरी जायची भीती, अशा ठिकाणी माणूस वेळेवर येतो तो निम्म्याहून जास्त वेळा भिडेपोटी. ही भीड तयार व्हायला वारंवार तोंड दिसावं लागतं.

या चळवळीचा इतिहासही याच क्रमाने घडला. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोच्या युनिटी बिल्डिंगमधल्या एका खोलीत पॉल हॅरिस हा वकील तिघा ओळखीच्यांना भेटला: एक खाण अभियंता, एक कोळशाचा व्यापारी, एक शिंपी. मोठ्या शहरात एकटेपणा वाटतो, तेव्हा वेगवेगळ्या धंद्यांतल्या माणसांनी नेमाने भेटावं, एवढीच कल्पना होती. एकमेकांना धंदा द्यावा हाही सरळ हेतू होता, त्यात लपवण्यासारखं त्यांना काही वाटत नव्हतं. त्या रोटरी क्लबने शहरात सार्वजनिक स्वच्छतागृह व्हावं म्हणून खटपट सुरू केली ती १९०७ च्या सुमारास. म्हणजे आधी भेटी, मग सेवा. लायन्सचंही काहीसं तसंच. १९१७ मध्ये शिकागोच्याच मेल्विन जोन्स या विमा व्यावसायिकाने व्यापाऱ्यांच्या मंडळांना सुचवलं की नुसत्या आपल्या फायद्यापलीकडे समाजाकडेही बघू या. १९२५ मध्ये हेलन केलर यांनी लायन्सच्या अधिवेशनात येऊन अंधांसाठी काम करण्याचं आवाहन केलं, आणि आजतागायत ती संघटना प्रामुख्याने डोळ्यांच्या कामासाठी ओळखली जाते. एका वक्तीने एका सभेत केलेल्या भाषणातून शंभर वर्षांचं काम उभं राहिलं. म्हणून "भाषणात वेळ जातो" या तक्रारीशी मी पूर्ण सहमत नाही. गरज क्लबपर्यंत पोचते ती बहुतेक वेळा वक्त्याच्या तोंडूनच. मात्र वक्ता शेअर बाजारावर बोलून गेला असेल तर तुमची तक्रार शंभर टक्के मान्य!

दुसरा फायदा चटकन दिसत नाही. सदस्यत्वाच्या अर्जात "व्यवसाय" लिहिलेला असतो, पण कोणाला काय येतं ते अर्जावरून कळत नाही. रोटरीत सुरुवातीला एका व्यवसायाचा एकच माणूस घ्यायची पद्धत होती, त्यामुळे एका टेबलाभोवती आपोआप तऱ्हेतऱ्हेचे लोक जमत. आता नियम सैल झालेत, पण मिसळण तीच राहिली आहे. बँकेतल्या बाईंना सांकेतिक खुणांची भाषा येते, किंवा निवृत्त अभियंत्यांचा हात शिवणयंत्र दुरुस्तीवर बसलाय, हे जेवताना गप्पांत कळतं. पुढे कधीतरी तीच माहिती उपयोगी पडते.

आता प्रत्यक्ष कामाबद्दल, कारण ते तुम्हाला सभेत दिसणारच नव्हतं.

जुने चष्मे गोळा करण्याचं उदाहरण घ्या. बाहेरून वाटतं, पेटी ठेवली, चष्मे जमले, वाटून टाकले. खरं काम पेटी भरल्यावर सुरू होतं. पेटीत चष्म्यांबरोबर रिकाम्या डब्या, एकच काच उरलेल्या फ्रेमा, खेळण्यातले गॉगल असं सगळं निघतं. ते निवडायचं, साबणाच्या कोमट पाण्यात धुवायचं, मऊ कापडाने पुसून उजेडासमोर धरायचं. मधोमध ओरखडा असेल तर बाद. मग चष्म्याच्या व्यवसायातला सदस्य लेन्समीटरवर एकेक काच लावून नंबर सांगतो, दुसरा तो पाकिटावर लिहितो. सिलिंडरचा (दृष्टिवैषम्याचा) नंबर किंवा प्रोग्रेसिव्ह, म्हणजे लांबचा-जवळचा नंबर एकत्र असलेली काच असली की तो चष्मा दुसऱ्या कोणाला जुळणं जवळपास अशक्य. एवढ्या मेहनतीनंतर वापरता येण्यासारखे हाती उरतात ते थोडेच. म्हणून माझं मत असं झालंय की चाळिशीनंतरच्या जवळच्या नंबरासाठी साधे तयार चष्मे नवे विकत घेऊन, डोळे तपासून देणं जास्त शहाणपणाचं. क्लबातल्या जुन्या मंडळींना हे पटत नाही. त्यावर सभेत वादही झालेत आणि ते वाद मला आवडतात.

रक्तदान शिबिरात सुई टोचणं, तपासणं हे सगळं रक्तपेढीचे लोक करतात. आपल्या वाट्याला येतं ते बिनग्लॅमरचं: फॉर्म भरून घेणं, उपाशीपोटी आलेल्याला आधी खाऊन यायला सांगणं, रांग हलती ठेवणं. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा स्वयंसेवक दाराशी उभा असतो. रक्त देऊन झालं की लोकांना निघायची घाई असते, आणि घेरी येते ती बऱ्याचदा उठून चालायला लागल्यावर. "दहा-पंधरा मिनिटं बसा, पाणी प्या, मग जा," हे गोड बोलून पण ठामपणे सांगता येणारा माणूस तिथे लागतो. तो कोण, हे आम्हाला पक्कं माहीत असतं. दर आठवड्याला त्याच्याशी बोलतो ना.

पोलिओचं काम हा या क्लबांच्या अभिमानाचा विषय, आणि तो अभिमान रास्त आहे. १९७९ मध्ये रोटरीने फिलिपिन्समध्ये मुलांना लस देण्याचा प्रकल्प हाती घेतला, १९८५ मध्ये 'पोलिओप्लस' ही रोटरीची जगभरची मोहीम सुरू झाली आणि १९८८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने पोलिओ जगातून हटवण्याचा ठराव केला. तेव्हा १२५ देशांत हा रोग होता, वर्षाला अंदाजे ३,५०,००० मुलं त्याच्या तडाख्यात सापडत. आता मूळ विषाणूचा फैलाव न थांबलेले देश दोनच उरलेत, पाकिस्तान आणि अफगाणिस्तान. या मोहिमेत सामान्य सदस्यांनी केलं काय, तर बर्फाच्या डब्यातून लस नेली, दारं ठोठावली, डोस दिलेल्या मुलाच्या बोटावर शाईची खूण केली. लसीच्या कुपीवर एक गोल आणि त्यात चौकोन असतो. उष्णतेने चौकोन गडद होत जातो, आणि तो गोलाइतका गडद झाला की ती कुपी बाद. हे बघायला डॉक्टर लागत नाही, लक्ष लागतं. आणि असं काम दशकानुदशकं टिकवायला काय लागतं, हा क्लबांचा खरा अवघड प्रश्न आहे.

कारण क्लबांची सगळ्यात मोठी खोड इथेच आहे. पदाधिकाऱ्यांचं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि ३० जूनला संपतं. नव्या अध्यक्षाला आपल्या नावाचा नवा प्रोजेक्ट हवा असतो. मागच्या वर्षी लावलेल्या झाडांना पाणी कोण घालतंय, दिलेला कॉम्प्युटर चालू आहे का, याची चौकशी करून कोणाला बक्षीस मिळत नाही. मग दहा वह्या वाटायला वीस जण, समोर बॅनर, आणि अहवालात एक प्रोजेक्ट वाढला. हे तुम्हाला कोणत्याही क्लबात थोडंफार दिसेल, आमच्यातही दिसतं. प्रमाण किती ते बघायचं. परवाच एकाने मला विचारलं, "बॅनर विसरला तर प्रोजेक्ट पुढे ढकलायचा का?" तो चेष्टा करत नव्हता.

पूर्वी हजेरीचा मोठा बडगा होता. रोटरीत एक सभा चुकली तर ठरावीक मुदतीत दुसऱ्या क्लबच्या सभेला बसून 'मेक-अप' करावा लागे. परगावी गेलेला सदस्य अनोळखी क्लबात जाऊन जेवून येई. त्यातून मैत्र्याही झाल्या, पण नोकरदार माणसाची फरफटही झाली. २०१६ मध्ये नियम बराच ढिला झाला. आता क्लबने महिन्यातून किमान दोनदा भेटावं, प्रत्यक्ष की ऑनलाइन ते क्लबने ठरवावं. त्यामुळे "दर आठवड्याला" हा शब्द ऐकून घाबरू नका. त्या क्लबचा स्वतःचा नियम काय ते विचारा. शिफ्टची नोकरी असेल तर ऑनलाइन भरणारे ई-क्लबही आहेत, पण तिथे झाडू मारायला कोणी नसतं, म्हणून मला ते तितकेसे भावत नाहीत.

नियम बदलतात हे मी जरा जास्तच आपुलकीने सांगते, कारण १९८९ पर्यंत रोटरीच्या घटनेत माझ्यासारखीला जागाच नव्हती. कॅलिफोर्नियातल्या दुआर्ते गावच्या क्लबने १९७७ मध्ये बायकांना सदस्य करून घेतलं तर त्या क्लबलाच बाहेर काढलं. भांडण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, १९८७ मध्ये निकाल बायकांच्या बाजूने लागला आणि दोन वर्षांनी घटना बदलली. लायन्सनेही १९८७ मध्येच दार उघडलं. आज कोणी "आपल्याकडे असंच चालतं" म्हणालं की मी हा किस्सा काढते.

पैशाचं थोडक्यात. वर्गणीचे साधारण तीन वाटे असतात: आंतरराष्ट्रीय संघटनेचा, डिस्ट्रिक्टचा (म्हणजे त्या भागातल्या क्लबांच्या गटाचा) आणि क्लबचा. जेवणाचे पैसे वेगळे असू शकतात. हो म्हणायच्या आधी वर्षाचा एकूण आकडा विचारा, संकोच करू नका. त्याहून महत्त्वाचा प्रश्न खजिनदाराला विचारा: देणगीचं खातं आणि क्लबच्या खर्चाचं खातं वेगळं आहे का? लोकांनी सेवेसाठी दिलेला पैसा जेवणावळीत जाता कामा नये. उत्तर द्यायला खजिनदार अडखळला तर तुम्हाला उत्तर मिळालंच.

आणि धंदा वाढवायला येत असाल तर नका येऊ. पहिल्याच सभेत व्हिजिटिंग कार्डं वाटणारे दरवर्षी येतात आणि काही महिन्यांत दिसेनासे होतात. कामातून ओळख होते, त्यातून कधी धंदाही मिळतो, पण तो टिकून राहिलेल्यांना मिळतो.

तुमच्या जागी मी असते तर लगेच अर्ज भरला नसता. बहुतेक क्लबांच्या कामाला सदस्य नसलेले लोक चालतात, किंबहुना हवेच असतात. सेक्रेटरींना सांगा की पुढच्या दोन-तीन प्रोजेक्टना हात लावायला येतो, मला एखादं ठरावीक काम द्या. "या, मजा येईल" एवढंच म्हणाले आणि तिथे गेल्यावर तुम्हाला फोटोत उभं केलं, तर काय ते समजा. वेळ, जागा आणि काम सांगणारा फोन आदल्या दिवशी आला, तर त्याच आठवड्याच्या सभेला परत बसा, कागद फिरतो का बघा, आणि अर्जाचं मग ठरवा. तरुण असाल तर रोटरॅक्टकडेही, म्हणजे रोटरीच्या तरुणांसाठीच्या क्लबांकडेही, एकदा डोकावून या. तिथे भाषणं कमी आणि धावपळ जास्त असते.