ड्रॅगन डेक जरूर घ्या, पण मुदत ठेव मोडून नको

मुलुंडहून आलेल्या आपल्या पत्रातील प्रश्न थोडक्यात असा: वडिलांनी खासगी मैफलींत स्वतः ध्वनिमुद्रित केलेल्या कॅसेट चांगल्या ऐकता याव्यात म्हणून नाकामिची या जपानी कंपनीचा ड्रॅगन हा कॅसेट डेक (कॅसेट वाजवण्याचे यंत्र) आपल्याला २,४०,००० रुपयांना मिळतो आहे, त्यासाठी ४,५०,००० रुपयांच्या मुदत ठेवीला हात लावावा का, आणि अशा डेकच्या किमती वाढत असल्याने ही गुंतवणूकच ठरत नाही का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. ही गुंतवणूक नव्हे. १९८२ साली आलेल्या या डेकचे उत्पादन थांबून तीन दशके झाली आणि त्याला मागणी आहे, हे खरे; पण किंमत टिकते ती सुस्थितीत चालणाऱ्या डेकची, आणि तो चालता ठेवण्याचा खर्च मालकालाच सोसावा लागतो. फीत पुढे सरकवणाऱ्या पिंच रोलरचे रबर कडक होते, जुने कपॅसिटर निकामी होतात, आणि मुंबईच्या दमट हवेत नुसते झाकून ठेवलेले यंत्रही खराब होतच राहते. प्राप्तिकराच्या दृष्टीने असे घरगुती वापराचे उपकरण भांडवली मालमत्तेत मोडत नाही. त्यामुळे उद्या ते विकून फायदा झाला तर त्यावर कर नाही, पण तोटा झाला तर तो अन्य नफ्यातून वजाही करता येत नाही.

तरीही आपली इच्छा मला अवाजवी वाटत नाही, कारण आपल्याकडे असलेल्या कॅसेटना हा डेक विशेष न्याय देऊ शकतो. फितीवरचा आवाज टिपणाऱ्या हेडचा फितीशी कोन तंतोतंत जुळला नाही, तर वरच्या पट्टीतील आवाज बुजतो आणि तंबोऱ्याची जवारी हरवते. निरनिराळ्या रेकॉर्डरवर भरलेल्या कॅसेटमध्ये हा कोन निरनिराळा असतो. ड्रॅगनमध्ये उजव्या चॅनेलचे प्लेबॅक हेड दोन भागांत विभागलेले असते. त्या दोन भागांकडून येणाऱ्या संकेतांतील फरक ओळखून एक छोटी मोटर कॅसेट वाजत असतानाच हेडचा कोन दुरुस्त करत राहते. ही करामत ऐकण्यासाठी पैसे मोजणे मला पूर्णपणे समजते.

मात्र कॅसेट वाचवणे आणि ड्रॅगन घेणे हे दोन वेगळे निर्णय आहेत. साध्या डेकच्या हेडजवळचा स्क्रू फिरवून हा कोन कानाने जुळवता येतो; जाणत्या तंत्रज्ञाकडून तेवढे करून घेऊन त्या कॅसेट आताच संगणकावर उतरवून घ्या. फिती वाट पाहणार नाहीत. डेकची खरेदी थांबू शकते.

आता हिशेब पाहू. आपला हप्ता ४२,००० आणि घरखर्च ५५,०००, म्हणजे दरमहा ९७,००० रुपये बाहेर जाणारच. अडीअडचणीसाठी सहा महिन्यांच्या खर्चाची तरतूद ५,८२,००० रुपयांची हवी. आज ती साडेचार लाखांची आहे. त्यातून डेक घेतला तर उरलेले २,१०,००० रुपये जेमतेम दोन महिने पुरतील, तेही मुलगी पुढील वर्षी महाविद्यालयात जाणार असताना. म्हणून दिवाळीचा १,२०,००० रुपयांचा बोनस आधी याच तरतुदीत घाला. एसआयपी चालू ठेवून दरमहा शिल्लक राहणारे १८,००० रुपये वेगळ्या आवर्ती ठेवीत टाकत गेलात, तर सोळा महिन्यांत २,८८,००० रुपये मुद्दल जमेल: डेकचे २,४०,००० आणि दुरुस्तीसाठी ४८,०००. दुरुस्तीची ही रक्कम हाताशी नसेल, तर डेक घेऊच नका. क्रेडिट कार्डावर थकबाकी ठेवून तो घेणे तर मुळीच नको. त्या थकबाकीवर महिन्याला तीन टक्क्यांच्या वर व्याज लागते.

तोवर हा डेक दुसऱ्या कुणी घेतला, तर घेऊ द्या. दुसरा मिळेपर्यंत आपली रक्कम वाढलेली असेल. खरेदीच्या दिवशी विक्रेत्याची नव्हे, वडिलांची कॅसेट सोबत न्या, ती दोन्ही बाजूंनी पूर्ण वाजवा, कारण हा डेक दोन्ही दिशांनी वाजतो आणि दोष पुष्कळदा एकाच दिशेला असतो. मागच्या बाजूला १०० व्होल्ट लिहिलेले असेल, तर तो जपानच्या घरगुती बाजारातील आहे. आपल्या २३० व्होल्टला जोडण्यापूर्वी योग्य क्षमतेचा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागेल, आणि तोही किमतीत धरूनच घासाघीस करा.