अधिकाऱ्याला सर्व माहीत आहे, असेच धर

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. कंपनीतील वरिष्ठ म्हणतात की विवरणपत्रात घेतलेल्या वादग्रस्त वजावटीबद्दल आकारणीत प्रश्नच आलेला नाही, मग करतरतूद, म्हणजे पुढे भरावा लागू शकेल तो कर आताच हिशेबात धरणे, कशासाठी. ऑडिटर म्हणतात की ताळेबंदाला जोडलेल्या संभाव्य दायित्वांच्या टिपेत एक ओळ घाला. आणि यांपैकी कोणाचे ऐकावे, हे तुला उमगत नाही. कोणाचेही ऐकण्याआधी इंड-एएस १२ चे, म्हणजे आयकराच्या हिशेबाविषयीच्या भारतीय लेखा मानकाचे, परिशिष्ट सी उघड. १ एप्रिल २०१९ पासून ते लागू आहे आणि मोजमापाच्या आधीच ते एक गृहीतक सक्तीचे करते: ज्या बाबीची तपासणी करण्याचा अधिकार आयकर अधिकाऱ्याला आहे, ती बाब तो तपासणारच, आणि तपासताना सर्व संबंधित माहिती त्याच्यासमोर असणारच. प्रकरण छाननीसाठी निवडले जाईल की नाही, ही चर्चा तुमच्या खोलीत झालीच कशी, हे मला समजत नाही. अधिकाऱ्याला सर्व माहीत आहे, असेच धर.

त्यानंतरचा प्रश्न एकच आहे: सर्व पाहूनही तो आपली भूमिका मान्य करण्याची शक्यता, अमान्य करण्याच्या शक्यतेपेक्षा अधिक आहे का? असेल तर विवरणपत्राप्रमाणेच हिशेब ठेवावा. नसेल तर सर्वाधिक संभाव्य रक्कम किंवा सर्व संभाव्य रकमांचे, प्रत्येकीच्या शक्यतेनुसार काढलेले भारित मूल्य, यांपैकी जे अनिश्चिततेचा अंदाज अधिक चांगला देईल ते घ्यावे. वजावट मिळेल किंवा मिळणार नाही, असे दोनच निकाल संभवत असतील तर पहिली पद्धत बहुधा योग्य ठरते. ट्रान्सफर प्रायसिंगसारख्या (एकाच समूहातील कंपन्यांच्या आपसातील व्यवहारांच्या किमतींच्या), अनेक रकमा संभवणाऱ्या वादात दुसरी. अधिकाऱ्याचे नुसते मौन ही संमती नव्हे, हेही परिशिष्टाने सुचवले आहे. संभाव्य दायित्वांची टीप जी माहिती द्यायची ती देते. पण जी रक्कम ताळेबंदात यायला हवी, ती टिपेत ठेवून भागत नाही.

नमुना म्हणून शिक्षण उपकराचे प्रकरण नीट अभ्यास. आयकराच्या रकमेवर आकारला जाणारा हा उपकर कंपनीला उत्पन्नातून वजा करता येतो का, हा तो वाद. १९६१ च्या आयकर अधिनियमाच्या कलम ४०(अ)(दोन) मध्ये 'कर' वजावटीस अपात्र होता, पण 'उपकर' असा उल्लेख नव्हता, आणि १९६७ च्या परिपत्रकाने तो शब्द विधेयकातून वगळल्याचे म्हटले होते. या आधारावर मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २८ फेब्रुवारी २०२० रोजी सेसा गोवा या कंपनीच्या बाजूने निर्णय दिला. २२ टक्के दर स्वीकारलेल्या कंपनीचा अधिभार व उपकरासह दर २५.१६८ टक्के असतो. म्हणजे एक कोटीच्या उपकराची वजावट मिळाली की सुमारे २५ लाखांचा कर वाचत असे. पुढे २०२२ च्या वित्त अधिनियमाने ही वजावट आकारणी वर्ष २००५-०६ पासून पूर्वलक्षी प्रभावाने बंद केली, आणि कंपनीने स्वतः अर्ज करून कर भरला नाही तर ते उत्पन्न दंडासाठी कमी दाखवलेले मानण्याची तरतूद केली.

मधल्या दोन वर्षांत उच्च न्यायालयाचा निकाल हाती आहे म्हणून अनिश्चितताच उरली नाही, असे मानणे मला कधीच पटले नाही. अधिभारही आयकराचाच भाग आहे, असे सांगणारा सर्वोच्च न्यायालयाचा के. श्रीनिवासन प्रकरणातील जुना निकाल तेव्हाही उपलब्ध होता, आणि त्याच न्यायाने उपकरही 'कर'च आहे, असे म्हणता येत होते. 'सर्व माहिती' यात मी केवळ वस्तुस्थिती धरत नाही, विरुद्ध बाजूचा प्रत्येक निकालही धरतो. मग आपल्या बाजूचे निकालच फाइलला लावलेल्या कागदाला अभ्यास का म्हणावे?

या आग्रहापायी एका मोठ्या कंपनीचे काम माझ्या हातून गेले, आणि तिथल्या वित्त संचालकाशी असलेला जुना स्नेहही तुटला. त्या स्नेहाची खंत मला आजही वाटते. आग्रहाची वाटत नाही. मी नफा कमी दाखवायला लावतो, असे लोक म्हणत आले आहेत. ते खरे नाही. सर्व पाहूनही अधिकारी मान्य करील अशी भूमिका असेल, तर तिच्यावर एक रुपयाचीही तरतूद करू देत नाही, कारण चांगल्या वर्षात दडवून वाईट वर्षात काढलेली करतरतूद तितकीच खोटी असते. गृहीतक दोन्हीकडे सारखेच लागू होते, आणि म्हणूनच मी ते सोडत नाही.

तुझ्या कंपनीचा दुसरा वाद, साच्यांवरील खर्च महसुली (त्याच वर्षी पूर्ण वजा होणारा) की भांडवली (घसाऱ्याच्या रूपाने वर्षानुवर्षे वजा होणारा), वेगळा आहे. तो खर्च भांडवली ठरला तरी घसारा पुढील वर्षांत मिळेल. चालू कर वाढेल, त्यासमोर स्थगित कर, म्हणजे पुढील वर्षांत वाचणारा कर, उभा राहील, आणि कंपनीला खरा फटका प्रामुख्याने व्याजाचा बसेल. हा हिशेब उपकराच्या नमुन्यावर करू नकोस.

आता वर्किंग पेपर, म्हणजे आपल्या निष्कर्षाचा आधार नोंदवणारा कागद, नव्याने लिही. आरंभी व्यवहाराची संपूर्ण वस्तुस्थिती मांड, आपल्याला गैरसोयीची कागदपत्रेही जोड, दोन्ही बाजूंचे निकाल दे, आणि त्यानंतरच रकमेकडे वळ. वरिष्ठांची सही घेण्याआधी तो मला पाठव.

तुझा हितचिंतक