वाचकांचे प्रश्न : रोमन शिल्पे हातांनी पाहताना

प्रश्न : मी दृष्टिहीन मुलांना इतिहास शिकवते. युरोपातील काही संग्रहालयांत अशा अभ्यागतांना रोमन शिल्पांच्या प्रतिकृती हाताळू देतात, असे वाचनात आले. मूळ शिल्प दूर ठेवून नक्कल हाती देणे ही त्यांची फसवणूक नव्हे काय? (एक शिक्षिका, सातारा)

उत्तर : आपला आक्षेप इतर कुठल्याही कलेच्या बाबतीत अधिक बळकट ठरला असता, रोमन शिल्पांच्या बाबतीत मात्र तो फारसा टिकत नाही, कारण त्यांपैकी पुष्कळशी शिल्पे मुळातच ग्रीक ब्राँझ पुतळ्यांवरून संगमरवरात केलेल्या नकला आहेत. इटलीतील नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयातील ‘फार्नेसे हर्क्युलिस’ या पुराणकथेतील बलाढ्य वीराच्या पुतळ्याचेच पाहा. ग्रीक शिल्पकार लिसिपसच्या कृतीवरून तो ग्लायकॉन नावाच्या कारागिराने घडवला आणि रोममधील सम्राट काराकॅलाच्या स्नानगृहांत तो उभा होता. या दमलेल्या वीराने उजवा हात पाठीमागे नेला असून त्या हातात सफरचंदे आहेत. समोर उभ्या असलेल्या डोळस प्रेक्षकाला ती दिसतच नाहीत. पण लहान आकाराच्या प्रतिकृतीवरून खांद्यापासून खाली हात फिरवत गेलेल्या मुलाला ती आपसूक सापडतील. गदेला टेकलेल्या देहाचा सगळा भार एका बाजूला कसा झुकला आहे, हेही बोटांना सहज कळते.

मूळ शिल्पांना हात लावू न देण्याचे कारण मात्र खरे आहे. संगमरवर सच्छिद्र असल्यामुळे त्वचेवरील तेलकटपणा त्यात मुरतो व त्यावर धूळ चिकटते, तर घामातील क्षारांमुळे ब्राँझ गंजू लागते. व्हॅटिकनच्या सेंट पीटर्स बॅसिलिकातील संत पीटरच्या ब्राँझ पुतळ्याचा उजवा पाय भाविकांच्या स्पर्शाने झिजून गुळगुळीत झाला आहे.

म्हणूनच इटलीतील अँकोना येथे अल्दो ग्रासिनी आणि दानिएला बोत्तेगोनी या दृष्टिहीन दांपत्याच्या कल्पनेतून १९९३ मध्ये स्थापन झालेल्या ‘ओमेरो’ स्पर्शसंग्रहालयात प्रसिद्ध शिल्पांच्या प्लास्टरच्या व रेझिनच्या प्रतिकृती आणि वास्तूंच्या छोट्या प्रतिमा ठेवल्या आहेत, आणि तेथे हात लावण्यास मनाई नाही. १९९९ मध्ये त्याला राष्ट्रीय संग्रहालयाचा दर्जा मिळाला. माझ्या मते खरी अडचण नकलेची नसून निवडीची आणि क्रमाची असते. प्रथम दोन्ही हातांनी संपूर्ण आकाराचा अंदाज, मग तपशील, आणि सोबत माहीतगाराचे शांत, नेमके वर्णन, हा क्रम मोडला की समोर नुसती नाके आणि कान उरतात. तपशिलांच्या दृष्टीने रोमन मुखशिल्पे फार बोलकी आहेत. रोमन प्रजासत्ताकाच्या, म्हणजे सम्राटांच्या आधीच्या, काळातील वृद्धांच्या चेहऱ्यांवरच्या सुरकुत्या बोटांखाली स्पष्ट लागतात. दुसऱ्या शतकातील सम्राट हेड्रियनच्या कारकिर्दीपासून डोळ्यांच्या बाहुल्या कोरण्याची प्रथा रूढ झाली, आणि पुढे गिरमिटाने खोल भोके पाडून केसांच्या बटा सुट्या करू लागले. शतकाचा अंदाज स्पर्शावरूनही बांधता येतो, तो असा. प्रतिकृतीला मूळ दगडाचा गारवा आणि वजन नसते, ही उणीव खरी. त्यासाठी शेजारी संगमरवराचा एक साधा तुकडा ठेवावा.

सपाट कुट्टिमचित्रांचे (छोटे रंगीत तुकडे जडवून केलेल्या चित्रांचे, म्हणजे मोझेइकचे) काम अधिक अवघड आहे. पाँपेई या प्राचीन रोमन नगरात सापडलेल्या अलेक्झांडरच्या कुट्टिमचित्रात घोडे, भाले आणि माणसे एकमेकांवर इतकी दाटली आहेत की त्याचे जसेच्या तसे उठावचित्र केले तर हाताला निव्वळ गोंधळ लागेल. आकृत्या सुट्या करून एकेक दाखवाव्या लागतात.

प्रश्न : आपल्याकडे अशा उपक्रमाला जोडता येईल अशी एखादी रोमन वस्तू आहे काय? (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : आपल्या अगदी जवळ आहे. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेली पोसायडन या सागरदेवतेची छोटी ब्राँझ मूर्ती तेथील टाऊन हॉल संग्रहालयात आहे. तिला हात लावू देणे योग्य नाही. परंतु मूळ आकाराचा ब्राँझचाच ओतीव नमुना करून घेता येईल. मूर्ती लहान असल्यामुळे तो नमुना तळहातावर घेऊन पूर्ण फिरवता येईल, आणि धातू तोच असल्याने वरची वजनाची आणि गारव्याची अडचणही येथे उद्भवणार नाही.