‘सिस्टर, माझंच काय चुकलं?’

प्रश्न : मी सोळा वर्षे परिचारिका आहे आणि श्रद्धाळूही आहे. गेल्या महिन्यात रात्रपाळीत सलाईन बदलत असताना कर्करोगाच्या एका रुग्णाने मला विचारले, “सिस्टर, माझंच काय चुकलं?” मी म्हणाले, “देवावर भरवसा ठेवा, सगळं ठीक होईल.” त्यांनी काही न बोलता भिंतीकडे तोंड फिरवले. माझी श्रद्धा मी वॉर्डच्या दाराबाहेर ठेवून यावी का?

उत्तर : श्रद्धा चपलांसारखी दाराबाहेर काढून ठेवता येत नाही आणि तशी गरजही नाही. जिच्या बळावर तुम्ही इतकी वर्षे रात्रपाळ्या काढल्यात, ती रुग्णाच्या खाटेशी तुम्हाला स्थिर उभे राहायला उपयोगी पडतेच. अडचण झाली ती घाईने दिलेल्या उत्तराची. ‘सगळं ठीक होईल’ हे तुम्हालाही ठाऊक नव्हते आणि इतके दिवस खाटेवर पडून असलेल्या माणसाला हे लगेच कळते.

असाध्य आजाराच्या रुग्णांच्या शुश्रूषेसाठी ओळखल्या जाणाऱ्या ब्रिटनच्या सिसिली साँडर्स आधी परिचारिका होत्या, नंतर वैद्यकीय समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर झाल्या. शरीराची, मनाची, नात्यागोत्यांची आणि आध्यात्मिक वेदना एकमेकींत गुंतलेली असते, असे त्या सांगत. त्या स्वतः निष्ठावंत ख्रिस्ती होत्या. तरीही त्यांनी १९६७ मध्ये लंडनला सुरू केलेल्या सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिसचे (आयुष्याच्या अखेरीस पोहोचलेल्या रुग्णांच्या शुश्रूषेच्या केंद्राचे) दार कोणत्याही धर्माच्या आणि धर्म न मानणाऱ्या रुग्णांनाही खुले होते.

‘माझंच काय चुकलं?’ या प्रश्नामागे अपराधीपणा असू शकतो, देवावरचा राग असू शकतो किंवा निव्वळ भीती. नेमके काय आहे, हे विचारल्याशिवाय कळणार नाही. “हे कधीपासून मनात येतंय?” किंवा “अशा वेळी तुम्हाला कशानं धीर येतो?” एवढे विचारावे आणि मग गप्प बसावे. (हे गप्प बसणेच सर्वांत अवघड, विशेषतः आपल्याकडे उत्तर आहे असे वाटत असताना.) कोणाला जपमाळ उशाशी हवी असते, तर कोणाला दुरावलेल्या भावाशी एकदा बोलायचे असते. जे कळेल ते, रुग्णाची हरकत नसेल तर, पाळी बदलताना पुढच्या परिचारिकेलाही सांगावे. रुग्णाने आपणहून प्रार्थनेला बोलावले तर अवश्य बसा, मात्र शब्द त्यांचे असू द्या.

ते अजून वॉर्डात असतील, तर सलाईन लावून झाल्यावर स्टूल ओढून बसा आणि म्हणा, “त्या रात्री तुम्ही काहीतरी विचारलं होतं, मी नीट ऐकलं नाही.”