जळगावात नवीन आलाय ना भाऊ, मग कार्यक्रम असे बघायला सुरुवात कर

सगळं एकदम बघायला जाऊ नको. आधी कॅलेंडरमध्ये तिथी बघायची सवय लाव, कारण इथले बरेच मोठे कार्यक्रम तारखेवर नाही तर तिथीवर ठरतात. कार्तिकी एकादशीचा श्रीराम रथोत्सव अजिबात चुकवू नको भो, १८७२ पासून चालू आहे, जुन्या गावातल्या गल्ल्यांतून एवढा मोठा रथ माणसं दोरांनी ओढतात आणि तो वळवायला आणि थांबवायला चाकाखाली मोगरी म्हणजे लाकडी ठोकळा लावणारे वेगळे असतात, त्यांचं काम जवळून बघ पण रथाच्या पुढ्यात उभा राहू नको. भिलपुऱ्यात रथ थांबतो, मुस्लिम संत लालशाह बाबांच्या समाधीवर चादर चढते, मला तर सगळ्या रथोत्सवात हेच सगळ्यात जास्त आवडतं. गाडी घरीच ठेव, पायी जा.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई असते, म्हणजे खानदेशातला कानबाई देवीचा सण. ती घरातली गोष्ट आहे, तिथं पास-बिस काही नसतो, शेजाऱ्यांशी आत्तापासून बोलत राहा, ते स्वतःच दर्शनाला बोलावतील. आखाजीला म्हणजे अक्षय तृतीयेला झोके आणि गौराईची गाणी ऐकायची तर आसोद्यासारख्या जवळच्या गावात जा, शहरात आता कमी दिसतं. गाण्याची आवड असेल तर जानेवारीत बालगंधर्व संगीत महोत्सव असतो, वेळेआधी पोच, पुढची जागा मिळते.