आधी विचारा, खिडकी उघडते का?

शाळेची नवी इमारत हरित आणि शिकायला चांगली व्हावी म्हणून आराखड्यात काय मागावं, दर्शनी भागाला हिरवी भिंत आणि छतावर सौर पॅनल घ्यावेत का, असं तुम्ही विचारलंय. हिरव्या भिंतीचं नाव वाचलं आणि मला राहवलं नाही.

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. आमची नवी इमारत ठरली तेव्हा वास्तुसल्लागारांनी पडद्यावर जी चित्रं दाखवली, ती बघून सगळे हरखून गेले होते. प्रवेशद्वाराशी रोपांनी भरलेली उभी भिंत, आणि वर्गांच्या पश्चिमेला जमिनीपासून छतापर्यंत काच. यातलं उघडतं काय, असं मी बैठकीत विचारलं. काहीच उघडत नव्हतं. एसी आहे ना, म्हणाले. दुपारी ऊन कुठवर येईल असं विचारल्यावर मला सांगण्यात आलं, "मॅडम, तुम्ही शिकवायचं बघा, डिझाइन आमच्यावर सोडा." ते वाक्य मला आजही बोचतं. त्या वर्गात उभं राहून मी शिकवणार होते, ते राहणार नव्हते.

इमारत झाली. मधल्या सुट्टीनंतर ऊन थेट आत यायचं आणि फळ्याचा अर्धा भाग नुसता चमकायचा. एक मुलगी वहीचा आडोसा धरून, मान तिरकी करून फळा वाचायची. काचेकडच्या रांगेतली मुलं बाक थोडे थोडे आत सरकवत राहायची आणि शेवटच्या तासापर्यंत दोन रांगांमधली वाट नाहीशी झालेली असायची. मग पडदे आले. पडदे ओढले की अंधार, म्हणून दिवसभर दिवे चालू. एवढी काच बसवून आम्ही भर दुपारी ट्यूबलाइटखाली शिकवत होतो.

हवेचं त्याहून वाईट. साधा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा पुन्हा पुन्हा गार करतो, बाहेरची हवा आत आणत नाही. विज्ञानाच्या शिक्षकांनासुद्धा हे समजावून सांगावं लागलं. शेवटी मी कार्बन डायऑक्साइड मोजायचं यंत्र मिळवलं आणि मागच्या कपाटावर ठेवलं. बाहेरच्या हवेत दहा लाख भागांत सुमारे ४२० भाग हा वायू असतो. आमच्या बंद वर्गात एक तास संपायच्या आत आकडा २,००० च्या पुढे जायचा, म्हणजे मुलं एकमेकांनी सोडलेलीच हवा पुन्हा घेत होती. मुलं आळीपाळीने तो फळ्याच्या कोपऱ्यात लिहीत. 'मुलं दुपारी पेंगतात, लक्ष देत नाहीत' म्हणून ज्यांच्या वह्यांत शेरे पडत होते, तीच ही मुलं. माझा राग तिथून सुरू झाला आणि अजून गेलेला नाही.

मुलांनी नोंदवलेले आकडे घेऊन मी व्यवस्थापनाकडे गेले. बरीच ओढाताण झाली. शेवटी काही तावदानं उघडणारी केली, समोरच्या व्हरांड्याकडच्या भिंतीत छताखाली झडपा पाडल्या आणि पश्चिमेला बाहेरून उभ्या पट्ट्या लावल्या. आता झडपा उघड्या असल्या की आकडा हजाराच्या आसपास राहतो. हे सगळं कागदावर असतानाच करता आलं असतं, आणि तेही कितीतरी कमी खर्चात.

हिरव्या भिंतीचं काय झालं, तर ठिबकच्या तोट्या क्षारांनी चोंदल्या आणि रोपं वरून खाली वाळत गेली. त्या पिशव्यांमध्ये मुळांना मूठभर माती असते, पाणी थांबलं की रोप जगत नाही. देखभाल कोण करणार हे कुठल्याच कागदावर नव्हतं. त्यापेक्षा जमिनीत वेल लावा आणि भिंतीपासून हातभर पुढे जाळी उभी करा. सावलीही मिळते आणि वेल स्वतःचं पाणी शोधतो. पश्चिमेला पानगळीची झाडं लावा. पटांगणातलं जमेल तितकं काँक्रीट काढा. पॅरिसमध्ये शाळांची डांबरी पटांगणं उखडून तिथे माती, झाडं आणि पाणी मुरेल अशी जमीन करायचं काम चालू आहे, ते बघा.

आता आराखड्यात काय मागायचं. वर्गाची लांब बाजू उत्तर-दक्षिणेकडे तोंड करून असू द्या. पूर्व-पश्चिमेचं ऊन तिरपं येतं, ते छज्ज्याखालून आत शिरतं. समोरासमोर दोन भिंतींत उघडणाऱ्या खिडक्या हव्यात, शिवाय गरम हवा निघून जायला छताजवळ वाट हवी. खिडकी एकाच बाजूला असेल तर तिच्या वरच्या कडेच्या उंचीच्या साधारण दोन-अडीच पट अंतरापर्यंतच नीट उजेड पोचतो. त्यापुढे बाक मांडू नका. सल्लागाराकडे नुसती रंगीत चित्रं मागू नका, वर्गाचा उभा छेद (खोली वरून खाली कापल्यावर आतून कशी दिसेल ते रेखाचित्र) मागा आणि त्यावर हवा कुठून येते, कुठून जाते, ते बाणांनी दाखवायला सांगा.

पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासो देशातल्या गांडो गावची प्राथमिक शाळा जरूर अभ्यासा. ती बांधणारे वास्तुरचनाकार फ्रान्सिस केरे हे त्याच गावचे. लहानपणी ते स्वतः कोंदट, अंधाऱ्या वर्गात बसले होते. त्यांनी मातीच्या विटांच्या भिंती घेतल्या आणि पत्र्याचं छप्पर खालच्या छतापासून उचलून धरलं. तापलेला पत्रा आणि वर्ग यांच्यामधून वारा वाहतो, वर्गातली गरम हवा वर निघून जाते. बांधायला गावकरी होते. शाळा २००१ मध्ये पूर्ण झाली, २००४ मध्ये तिला वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार मिळाला आणि २०२२ मध्ये केरेंना प्रित्झकर, म्हणजे वास्तुकलेतला सर्वोच्च मानला जाणारा पुरस्कार. वापरणाऱ्याला डिझाइनमधलं काय कळतं, असं आमचे सल्लागार पुढच्याही एका बैठकीत म्हणाले. माझं उत्तर गांडोची ही शाळा.

पुरावा हवा असेल तर इंग्लंडमधल्या सॅल्फर्ड विद्यापीठाचा २०१५ चा अभ्यास दाखवा. २७ प्राथमिक शाळांतल्या १५३ वर्गांमध्ये मुलांच्या वर्षभरातल्या प्रगतीत जो फरक दिसला, त्यातला १६ टक्के वर्गखोलीच्या रचनेशी जोडता आला. त्यातही सर्वांत मोठा वाटा उजेड, तापमान आणि हवा यांचाच. भिंती तक्त्यांनी गच्च भरू नका, त्याने लहान मुलांचं लक्ष विचलित होतं.

एक सांगायचं राहिलं. शाळा वाहत्या रस्त्यालगत असेल तर नुसत्या उघड्या खिडक्या चालणार नाहीत, धूर आणि आवाज दोन्ही आत येतील. तिथे बाहेरची हवा गाळून आत ढकलणारी यंत्रणा लागेल आणि छताला आवाज शोषणारं काहीतरी. रिकाम्या वर्गात पार्श्वभूमीचा आवाज ३५ डेसिबलपेक्षा जास्त नसावा, असं अमेरिकेचं वर्गखोल्यांसाठीचं मानक सांगतं. कडाक्याच्या थंडीच्या प्रदेशातही उघडी खिडकी परवडत नाही. तिथे बाहेर जाणाऱ्या हवेची ऊब आत येणाऱ्या हवेला देणारी यंत्रणा बसवतात.

सौर पॅनल घ्या. शाळा दिवसा चालते, वीजही दिवसाच तयार होते. पण ते हिरव्या भिंतीच्या पैशांतून घ्या, छज्जे आणि खिडक्यांच्या पैशांतून नको.