मारा-झोडा न म्हणता केलेलं भाषण द्वेषाचं ठरतं का?

तुम्ही विचारलंय की बडोद्यात तुमच्या भागातल्या सभेत एक वक्ता म्हणाला, ‘त्या धर्माच्या लोकांना घरं भाड्यानं देऊ नका, त्यांच्या दुकानातून काही घेऊ नका.’ मारहाणीचा शब्दही त्याने काढला नाही. मग आंतरराष्ट्रीय मानवाधिकार कायदा याला द्वेषाचं भाषण म्हणेल की बोलण्याचं स्वातंत्र्य?

माझ्या मते हे द्वेषाचं भाषणच आहे. मी बडोद्यातच वकिली करतो, आणि ‘नुसतं बोललाच ना’ म्हणून हे सोडून देणं मला मान्य नाही.

नागरी आणि राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार १९६६ चा, भारत त्यात १९७९ मध्ये सामील झाला. त्याचा अनुच्छेद १९ अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य देतो. लगेच पुढचा २० म्हणतो की राष्ट्र, वंश किंवा धर्माच्या नावाने द्वेष पसरवून भेदभावाला, वैराला किंवा हिंसेला चिथावणी दिली, तर त्यावर कायद्याने बंदी हवी. भेदभाव आधी येतो, हिंसा शेवटी. डोकी फुटेपर्यंत वाट पाहा, असं त्यात कुठेही नाही.

आणि घर नाकारल्याने माणसाचं काय होतं, हे आपल्या शहराने पाहिलेलं आहे. १९१७ मध्ये डॉ. आंबेडकर परदेशातून शिकून महाराजांच्या नोकरीत इथे आले. नाव बदलून धर्मशाळेत राहिले. जात कळताच लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढलं. दुसरीकडे कुठे जागा मिळेना, म्हणून त्यांना मुंबईला परतावं लागलं. सयाजीबागेतली संकल्पभूमी त्याचीच आठवण आहे. म्हणून ‘घर देऊ नका’ हे वाक्य मी कधीच किरकोळ मानत नाही.

अर्थात प्रत्येक कडवट बोलणं गुन्हा नसतं. २०१२ च्या राबात कृती आराखड्याने (चिथावणी कशाला म्हणायचं, यावर संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने तज्ज्ञांनी केलेला दस्तऐवज) त्यासाठी सहा कसोट्या दिल्या आहेत: परिस्थिती, वक्ता, हेतू, मजकूर, पोहोच आणि प्रत्यक्ष नुकसानीची शक्यता. तुमच्या बाबतीत मी वक्ता कोण, हे आधी पाहीन. टपरीवर कुणी बडबडला, तर ऐकणारे चहा संपवून निघून जातात. पण ज्याच्या शब्दाला मान आहे असा माणूस सोसायट्यांच्या चेअरमनसमोर हेच बोलला, तर दुसऱ्या दिवशी खरंच कुणाची तरी खोली जाते. धर्मावरची टीका मात्र वेगळी. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने २०११ मध्येच सांगितलंय की ती चिथावणी ठरत नसेल तर केवळ श्रद्धेचा अनादर झाला म्हणून शिक्षा करणं या कराराशी विसंगत आहे.

आता करायचं काय? या समितीकडे वैयक्तिक तक्रार नेता येत नाही, कारण भारताने त्यासाठीचा जोडकरार स्वीकारलेला नाही. दाद इथेच मागावी लागेल. भारतीय न्याय संहितेचं कलम १९६ (धर्म, जात वगैरेंवरून गटागटांत वैर पसरवणं) बहुतेकांना माहीत असतं, पण तुमच्यासाठी मी १९७ आधी वाचेन. एखाद्या धर्माच्या वा जातीच्या लोकांना नागरिक म्हणून असलेले हक्क नाकारावेत, असा सल्ला देणं किंवा प्रचार करणं हाच तिथे गुन्हा आहे. न्यायालयाने दखल घेण्याआधी शासनाची किंवा जिल्हा दंडाधिकाऱ्यांची मंजुरी लागते, त्यामुळे वेळ जातो. तक्रार लेखीच द्या आणि पोच घ्या. भाषणाची क्लिप असेल तर काटछाट न करता संपूर्ण जपा, कारण हेतू आणि संदर्भ त्यातूनच दिसतो. आणि सभा ज्या मंडळाने भरवली, त्याच्या कार्यकर्त्यांना भेटून त्याच व्यासपीठावरून या आवाहनाचा जाहीर निषेध करायला सांगा. ते आजच करता येईल.